देवांची बाग आणि बुधवारचा बाजार

प्रिय सई आणि मिहिर,

परवा फोनवर सईनं विचारलं, "आजी, आमच्या गावाबाहेर धर्मातल्या गोष्टींचा एक मोठा पार्क बांधणार आहेत. त्यानं गावाची भरभराट होईल असं सगळे म्हणतात. होते का खरंच?" मी "बघू" म्हणाले आणि विषय बदलला. उत्तर माहीत नव्हतं म्हणून नाही. ते फोनवर मावणारं नव्हतं. मागून मिहिर सांगत होता की सईला याच विषयावर शाळेत बोलायचं आहे आणि तिची बाजू आधीच ठरली आहे. मग बसून लिहून काढावं असं मी ठरवलं. तुम्ही मराठी सावकाश वाचता, म्हणून वाक्यं लहान ठेवते.

हाच प्रश्न मला पन्नास वर्षांपूर्वी ऑफिसात विचारला गेला होता. त्याचं उत्तर शोधण्याचा मला पगार मिळत होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. मोठा दुष्काळ सरून थोडीच वर्षं झाली होती. मी सोलापूरला एका सरकारी ऑफिसात रिसर्च असिस्टंट होते. कुणी सरकारकडे जमीन किंवा रस्ता मागितला की आम्ही जागेवर जाऊन बघायचो. ते दिल्यानं लोकांचं भलं होईल की नाही, याची नोट लिहायचो. त्या नोटेला 'अभिप्राय' म्हणतात. अभिप्राय म्हणजे मतच, पण सरकारी. त्यामुळे त्यात 'मला वाटतं' असं लिहायला बंदी.

माझे साहेब होते देशमाने. एका सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि एक फाइल पुढे सरकवली.

"मिसेस वळसंगकर, ती अक्कलकोटच्या पुढची देवांची बाग. जाऊन या आणि चांगलं लिहा."

"चांगलं म्हणजे नीट, की अनुकूल, सर?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही पुण्याला एम.ए. केलंत ना? मग दोन्ही जमायला हरकत नाही."

ही बाग अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना मुख्य रस्त्यापासून थोडी आत होती. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना ते आवडणार नाही. सोलापुरात चादरींचे माग चालवणारे चन्नप्पा शेट होते. त्यांच्या आईचं ते माहेर. आईला काशीला जायचं होतं, ते आयुष्यभर राहून गेलं. ती गेल्यावर शेटजींनी ट्रस्ट काढला आणि गावात ही बाग उभी केली. ज्यांना लांब जाता येत नाही त्यांना सगळे देव एका जागी बघायला मिळावेत, एवढाच हेतू. बागेसाठी सरकारनं गायरानाचा एक तुकडा दिला होता. गायरान म्हणजे गावाची गुरं चरायची सामायिक जमीन. ती देताना झालेल्या अभिप्रायावर देशमाने साहेबांचीच सही होती, हे मी फाइलमध्ये पाहिलं आणि त्यांच्या 'चांगलं लिहा'चा अर्थ मला कळला.

आता ट्रस्टचा नवा अर्ज आला होता. बागेला लागून गावाचा बाजारतळ होता. बाजारतळ म्हणजे आठवडी बाजार भरायचं मैदान. ट्रस्टला ते मैदान गाड्या लावायला हवं होतं, कायमचं आणि कुंपण घालून. बाजारासाठी त्यांनी ओढ्यापलीकडे याहून मोठी जागा देऊ केली होती. अर्जात म्हटलं होतं की बागेमुळे यात्रेकरू येतात, यात्रेकरू खर्च करतात, गावाला पैसा मिळतो. गाड्या लावायची सोय झाली की आणखी यात्रेकरू येतील.

कागदावर हे चुकीचं नव्हतं. आम्हाला कॉलेजात मल्टिप्लायर शिकवला होता. बाहेरच्या माणसानं गावात रुपया खर्च केला की तो चहावाल्याला मिळतो. चहावाला त्यातून दूध घेतो, दूधवाला पेंड घेतो, असा एकच रुपया गावात अनेक हात फिरतो. अट एकच. तो रुपया आधी गावात खर्च व्हायला हवा.

मी रविवारी गेले. शेटजी स्वतः दारात उभे होते. पांढरं धोतर, काळा कोट, कपाळावर विभूती. त्यांनी मला सगळी बाग हिंडून दाखवली. पुतळ्यांचं समुद्रमंथन होतं. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला दैत्य, मध्ये रंगवलेला वासुकी. दैत्यांना मिशा फार छान काढल्या होत्या. शंकराच्या जटेतून पंपानं पाणी पडायचं आणि पोरं त्याखाली हात धरायची. गर्दी भरपूर होती. अक्कलकोटला आणि गाणगापूरला जाणाऱ्या बसगाड्या वाट वाकडी करून इथे तासभर थांबत.

"बघा बाई," शेटजी म्हणाले. "दोन वर्षांमागं हितं कुसळं होती."

"लोक खूश दिसताहेत."

"माझी आई असती तर हितनं हलली नसती."

बागेच्या शेवटी अन्नछत्र होतं. कुणीही यावं, पंगतीला बसावं, आमटी-भात आणि गोड हुग्गी पोटभर खावी. पैसे नाहीत. मीसुद्धा जेवले. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. तुमच्या आजोबांना ती इतकी आवडायची की ते त्यासाठी कुठल्याही लग्नाला जायचे.

जेवून मी दाराबाहेर आले. दाराच्या दोन्ही बाजूंना गावकऱ्यांनी पत्र्याच्या टपऱ्या टाकल्या होत्या. नारळ, उदबत्ती, बांगड्या, भजी. सगळ्यांनी घरातलं काहीबाही मोडून त्या उभ्या केल्या होत्या, कारण बाग झाली की गिऱ्हाईक येणार असं सगळ्यांना सांगितलं होतं. एका टपरीत नीलव्वा नावाची बाई बसली होती. नवरा नव्हता, पदरी दोन मुली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकून ती घर चालवायची. तिनं मला बघून फळी पुसली.

"कूडरी बाई, बसा."

"धंदा कसा आहे?"

"लई माणूस येतंय की."

"आणि खातात का?"

"पाणी मागत्यात." ती हसली. "आत फुकट मिळतंय ते सोडून माझी भाकर कोण खाईल? मी तरी खाईन व्हय?"

शेजारचा नारळवाला म्हणाला, "नीलव्वाला निदान पाणी तरी मागत्यात. मला कुणी कायबी मागत न्हाय."

नारळ का विकला जात नाही, हे मला समजेना. देवाच्या दारात नारळ न विकला जाणं ही आपल्याकडे नवल वाटावी अशी गोष्ट आहे. तेवढ्यात एक कुटुंब बाहेर पडलं. त्यातल्या आजींच्या पिशवीतून खण आणि नारळ डोकावत होता. करमाळ्याहून आले होते. मी विचारलं, "इथे देवीची ओटी नाही भरलीत?"

आजींनी माझ्याकडे नवशिक्याकडे बघावं तसं पाहिलं. "हितं? हितला देव बगायचा हाय बाई, मागायचा न्हवं. नारळ आमच्या कमळाभवानीला. जाताना बसमधनं उतरून वाहणार."

तिथे माझ्या डोक्यात अर्जाचं गणित मोडलं. सई, तुला हे समजावून सांगायला हवं. मंदिरातल्या मूर्तीची विधीनं प्राणप्रतिष्ठा करतात. मग तिला नवस बोलतात, ओटी भरतात, जावळ काढतात, अभिषेकासाठी मुक्काम करतात. या प्रत्येक गोष्टीमागे कुणाचं तरी दुकान असतं. फुलवाला, न्हावी, गुरव, पेढेवाला, खोली भाड्यानं देणारा. तीर्थाचं गाव त्यावर जगतं. बागेतल्या देवांची प्रतिष्ठा झालेली नव्हती. करता येणारही नव्हती, कारण मग रोजची पूजा आली आणि मिशा रंगवणाऱ्या पेंटरला शिडी लावून देवावर चढता आलं नसतं. लोक हात जोडायचे, मुलांना गोष्ट सांगायचे आणि बसमध्ये बसायचे. होती ती बाग, पण अर्ज लिहिणाऱ्यांनी हिशेब तीर्थाचा लावला होता.

मी परत आत गेले. शेटजी पंगतीवर देखरेख करत होते.

"शेटजी, बाहेर भाकरी विकणाऱ्या बायका आहेत. तुमच्या अन्नछत्रामुळे त्यांचं काही विकलं जात नाही."

त्यांना माझं बोलणं आधी समजलंच नाही. मग ते म्हणाले, "म्हणजे मी माणसांना उपाशी लावून द्यावं?"

"नाही. निदान भाकरी त्यांच्याकडून घ्या."

"प्रसाद विकत आणायचा?"

"तांदूळ विकतच आणता ना?"

"तांदूळ सामान आहे, बाई. शिजवायचं ते माझ्या घरच्या हातानं. आईला तसा शब्द दिलाय." ते रागावले नव्हते. एवढं बोलून ते वाढप्याला हुग्गी आणायला सांगू लागले. तो माणूस पुण्य करत होता आणि त्यात दाराबाहेरच्या बाईचं नुकसान होतं, ही गोष्ट त्यांच्या मनात शिरायला जागाच नव्हती. खरं सांगायचं तर माझ्याही मनात ती नीट बसत नव्हती. भुकेल्याला वाढणारा माणूस चुकतो आहे, असं सरकारी नोटेत कसं लिहायचं?

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना तोंडी सांगितलं. "गर्दी आहे सर, पण गावात खर्च होत नाही."

"असं कसं? देव म्हटल्यावर खर्च आलाच."

"ते देव सिमेंटचे आहेत."

"हळू बोला. पलीकडच्या खोलीत हेडक्लार्क रोज पोथी वाचतात." ते खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे तुम्ही लिहिणार की लाभ नाही. मग वरून विचारतील, पहिल्या वेळी लाभ होईल असं कुणी लिहिलं? ते मी लिहिलं होतं."

"मग काय लिहू?"

"पुन्हा जा. आणखी बघा. कुठेतरी असेल लाभ."

मला हे पटलं नाही, पण सांगितलं म्हणून पुन्हा जायचं होतं. रविवारी जीप मिळेना. बुधवारी मिळाली. ट्रस्टच्या मॅनेजरनं फोनवर सांगितलं, "बुधवारी कशाला येता बाई? त्या दिवशी बागेत चिटपाखरू नसतं." मी तरीही निघाले, कारण जीप मिळणं हे आमच्या ऑफिसात फार अवघड होतं.

गावाच्या अलीकडेच आमचा ड्रायव्हर रज्जाक यानं जीप थांबवली. "आगे नै जाती बाई. पूरा बाजार बैठा है."

मी उतरून चालत गेले. बाजारतळ भरला होता आणि रस्त्याच्या कडेला ओसंडत होता. मिरचीचे ढीग होते, तुरीची पोती होती. सोलापुरातून आलेले पद्मशाली विणकर लुगडी मांडून आपसात तेलुगूत बोलत होते. सीमेपलीकडून आलेले बैल होते आणि त्यांच्या किमतीवरून कानडीत भांडणं चालली होती. मिरचीच्या एका व्यापाऱ्याला मी विचारलं, "हा बाजार पहिल्यापासून एवढा?"

"छे हो. आधी चार म्हातारी माणसं भाजी घेऊन बसायची. आता ट्रक थेट मैदानापर्यंत येतो. मी आधी दुधनीलाच माल घ्यायचो, आता इथे येतो."

"ट्रक आधी का येत नव्हता?"

"चिखल होता ना बाई. रस्ता बागेसाठी झाला."

बागेच्या उद्घाटनाला मंत्री येणार होते. मंत्र्यांची गाडी चिखलात अडकू नये म्हणून मुख्य रस्त्यापासून बागेच्या दारापर्यंत डांबर पडलं होतं. बागेचं दार आणि बाजारतळ एकाच कडेला. बागेच्या पंपासाठी विजेची लाइन आली, त्यावर पिठाची गिरणी सुरू झाली होती. तीही बुधवारी दिवसभर चालायची.

नीलव्वा मैदानातल्या कडुलिंबाखाली बसली होती. तिच्यापुढे माणसं उभी होती. कुणी भाकरी हातावर घेऊन तिथेच खात होतं, कुणी चवड कापडात बांधून नेत होतं.

मी म्हटलं, "नीलव्वा, थोडं बोलायचं होतं."

"आज सवड न्हाय बाई. रविवारी या की. रविवारी मी मोकळीच बसलेली असती."

म्हणजे लाभ झाला होता. फक्त तो बागेच्या दारात नव्हता आणि रविवारी नव्हता. आणि ट्रस्टचा अर्ज मंजूर झाला असता तर नेमकं तेच मैदान गेलं असतं. ओढ्यापलीकडे जागा मोठी होती, पण तिथे रस्ता नव्हता, पूलही नव्हता. ट्रक पुन्हा दुधनीला गेले असते. नीलव्वाला उरली असती फक्त ती टपरी, जिथे लोक पाणी मागायचे.

मी साहेबांकडे गेले. "सर, तुमची पहिली सही बरोबर होती."

त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. ऑफिसात हे वाक्य त्यांना क्वचितच ऐकायला मिळत असावं.

"लाभ झालाय. पण तो दाखवायला तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल. बुधवारी."

"साइट व्हिजिट रविवारी ठरली आहे. शेटजींकडे जेवण आहे."

"जेवणाचा डबा मी आणते, सर. पण बुधवारीच. आणि शेटजींनाही बोलवा."

"ते कशाला?"

"ते नेहमी रविवारीच येतात. त्यांनी हे गाव बुधवारी पाहिलेलं नाही."

साहेबांनी थोडा विचार केला. मग विचारलं, "डब्यात काय असेल?" मी समजले की काम झालं.

त्या बुधवारी शेटजींची मोठी गाडी आमच्या जीपच्या मागेच अडकली. ते उतरले, धोतर सावरत गर्दीतून चालू लागले. लोक त्यांना ओळखत होते. वाट देत होते, पण बोलणं थांबत होतं. लिंबाजवळ आम्ही पोचलो तेव्हा नीलव्वा उठून उभी राहिली.

"बर्री शेटजी, या. उटवाया आलाव व्हय?"

"कोण म्हणालं उठवायला?"

"समद्या बाजाराला ठावं हाय. तारेचं कुंपण येणार म्हनं."

शेटजी जरा गोंधळले. "ओढ्यापलीकडं हिच्यापेक्षा मोठी जागा देतोय की तुम्हाला."

"मोटी हाय, खरं. पर तितं कोण येनार? रस्ता हितं हाय. तुमीच केलाव न्हवं?"

शेटजींनी वळून मैदान पाहिलं. ट्रकवर पोती चढत होती. ते माझ्याकडे वळले. "हे सगळे रस्त्यामुळं?"

"हो. तुमच्या बागेचा फायदा सांगितला होतात ना अर्जात? तो हा."

"आणि रविवारचा?"

मी साहेबांकडे पाहिलं. देशमाने साहेब खोकले. नीलव्वाच म्हणाली, "रविवारी तुमची खीर ग्वाड असती, शेटजी. आमचं काय चालत न्हाय तिच्यापुढं."

आजूबाजूचे हसले. शेटजींनाही हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. ते लिंबाच्या पारावर टेकले. मग व्यवहारी माणसासारखं त्यांनी विचारलं, "बरं, मग माझ्या बसा कुठं लावू?"

"इथंच," मी म्हटलं. "बुधवार सोडून मैदान रिकामंच असतं."

"जागा ट्रस्टची नसली तर कुंपण कसं घालणार?"

"घालू नगा की," नीलव्वा म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला भाकरी देऊ लागली.

शेटजी उठले. गाडीकडे जाताना मला हळूच म्हणाले, "बाई, जागेचं ऐकलं तुमचं. अन्नछत्राचं ऐकणार नाही." मी मान हलवली. त्यांच्याकडे मी दोन गोष्टी मागितल्या होत्या, एक मिळाली. ज्यात आईचा शब्द होता ती नाही.

परत येताना जीपमध्ये साहेबांनी माझा मसुदा वाचला. मी लिहिलं होतं, 'उद्यानापासून गावास थेट लाभ नाही.' त्यांनी पेन काढलं आणि ते वाक्य असं केलं, 'उद्यानाचा लाभ गावास अप्रत्यक्षपणे व प्रामुख्याने आठवडी बाजाराच्या द्वारे होत असल्याने, बाजारतळाची जागा आहे तशीच ठेवणे इष्ट.' मी पुण्याला शिकले होते, पण हे वाक्य मला सुचलं नसतं. त्यात त्यांची सही वाचली, मैदानही वाचलं. ट्रस्टनं अर्ज मागे घेतला. बसगाड्या मैदानात उभ्या राहू लागल्या, बुधवार सोडून.

टपऱ्या मात्र टिकल्या नाहीत. वर्षभरात एकेक उठली. नारळवाल्याचं नुकसान कुणी भरून दिलं नाही. अर्जात त्याच्याकडून नारळ घेणारा यात्रेकरू होता, अभिप्रायात तो स्वतः कुठेच नव्हता. नीलव्वानं तिचे पत्रे घराच्या मागच्या बाजूला लावले आणि तिथे दुसरी चूल मांडली, कारण बुधवारी एक पुरेना. गायरान गेलं त्यामुळे ज्यांची शेरडं होती त्यांना लांब जावं लागे. तेही खरंच आहे, आणि त्याबद्दल कुणी अर्ज केला नव्हता म्हणून त्याची फाइलही नव्हती.

तर सई, तुझ्या शाळेत तू कुठल्याही बाजूनं बोल. अशा बागेनं गावाचा फायदा होतो असं म्हणणारे सगळे खोटं बोलत नाहीत, होत नाही म्हणणारेही नाहीत. त्यांना एवढंच विचार की तुम्ही बघायला कुठल्या दिवशी गेला होता, आणि तिथे जेवण कुणी दिलं.

मागच्या हिवाळ्यात तुमचे मामा मला गाडीनं तिकडे घेऊन गेले होते. शेटजी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मुलांनी माग विकले, ट्रस्ट नावापुरता आहे. पंप बंद आहे, अन्नछत्राला कुलूप आहे. देवांच्या बाजूचं सिमेंट उखडलं आहे. दैत्य बरे आहेत. बाजारतळाला अजूनही कुंपण नाही आणि दर बुधवारी तो भरतो.

तुमची आजी